तसंच समजा

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय? — गप्प राहणं आता जमत नाही, एवढंच.

चंद्रपुरात मी प्राणिशास्त्र शिकवते. पीएच.डी. किसपेप्टिनवर केली. मेंदूतला हा इवलासा रेणू इशारा देतो, मग संप्रेरकं सुटतात आणि बीजकोश जागे होतात. पाळी अनियमित असणाऱ्या बायकांच्या रक्तात तो किती सापडतो, ते मला बघायचं होतं. भामरागडकडच्या एका गावात मैना भेटली. तिचीही पाळी अनियमित, लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नव्हतं. मी तिला सोपं करून सांगितलं — डोक्यातून निरोप निघतो, मग अंग जागं होतं. ती हसली. "म्हंजे डोस्क्यातबी पोस्टमन हाये!"

तिच्या आणि इतर बायकांच्या रक्ताच्या नळ्या घेऊन परतताना पुलावर पाणी चढलं, गाडी अडकली. नळ्यांच्या डब्यातला बर्फ मीच कमी भरला होता, तो विरघळून गेला. उबेत किसपेप्टिन टिकत नाही, हे मला पाठ होतं. तरी नळ्या तपासल्या. मैनाच्या नळीत जवळजवळ काहीच नाही — असणार कुठून? नमुना बाद म्हणायला हवं होतं. पण मग बर्फाचंही सांगावं लागलं असतं. मी तो निकाल धरून चालले.

एवढंच असतं तर...

थंडीत रिपोर्ट सांगायला गेले. मैनाची सासू अंगणात धान पाखडत होती. हिच्या डोक्यातून निरोपच निघत नाही, असं मी म्हटलं. तिने सूप थांबवलं.

"म्हंजे इच्या मनातच नाई लेकरू. असंच ना, बाई?"

मैना माझ्याकडे बघत होती. मन वेगळं, मेंदू वेगळा — एवढं सांगायला किती वेळ लागला असता? रस्त्यावर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"तसंच समजा," मी म्हटलं.

उन्हाळ्यात कळलं, तिला माहेरी धाडलं. जिच्या मनातच लेकरू नाही, तिला ठेवून काय करायचं, म्हणे. नवऱ्याने दुसरी केली. त्याची तपासणी तर कुणी केलीच नव्हती — मीही सुचवली नव्हती.

मागच्या वर्षी गडचिरोलीच्या बाजारात ती चारोळी विकत बसलेली दिसली. मी वळणार होते, तिनेच हाक मारली. राग नव्हता. आजूबाजूला बघून हळूच विचारलं, "बाई, माह्या डोस्क्यातून निरोप निघून राह्यला असन का आता?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

तो निरोप मी कधी नीट तपासलाच नव्हता, हे तेव्हाही सांगितलं नाही. चारोळी घेतली आणि निघाले.