थर्मासमधलं आलं-लिंबू

नाकातून घातलेला बारीक कॅमेरा घशापाशी पोचला तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "आजी, आता 'ई' म्हणा."

मी म्हटलं. आवाज मधेच तुटला. मुलांनो, तुमच्या आजीने पनवेलमध्ये चाळीस वर्षं गाणं शिकवलंय, आणि तिला साधा 'ई' धरता येईना.

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. स्वरतंतू म्हणजे गळ्यातल्या दोन पांढऱ्या पट्ट्या. माझ्या लालभडक होत्या, सुजलेल्या.

"छातीत जळजळतं?"

"कधीच नाही."

"तरीही हे अ‍ॅसिडच दिसतंय. पोटातलं अ‍ॅसिड वर घशापर्यंत येतं, त्याला रिफ्लक्स म्हणतात. सगळ्यांनाच जळजळतं असं नाही. खाता काय?"

मी आठवड्याचं खाणं वेळेसकट टाईप करून नेलं होतं. त्यांनी कागद वाचला. "वा, असा पेशंट पाहिला नव्हता. यात तर काहीच वाईट नाही."

घसा कोरडा पडला म्हणून मी पर्समधला थर्मास काढून घोट घेतला.

"त्यात काय आहे?"

"आलं, लिंबू, मध."

"दिवसातून किती?"

"एक थर्मास. हल्ली दोन."

"मग कागदावर का नाही?"

"अहो, ते खाणं थोडंच आहे? औषध आहे ते."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

गुरुजींनी आम्हाला शिकवलं होतं: आवाज बसला की आलं-लिंबू घ्या आणि खर्ज वाढवा. खर्ज म्हणजे अगदी खालचे स्वर. पहाटे उठून ते लांबवर धरायचे. वर्षभर आवाज बिघडत गेला आणि मी दोन्ही वाढवत गेले. सुजलेल्या गळ्यावर आंबट ओतत होते आणि वरून जोर लावत होते.

"तीन आठवड्यांनी गुरुजींची पुण्यतिथी आहे," मी म्हणाले. "कार्यक्रमाची सुरुवात दरवर्षी मी करते. एकच भजन गाऊ?"

"मुरगळलेल्या पायाने कर्नाळा किल्ला चढाल का?"

"नाही."

"मग गायचंही नाही."

गोळ्या सुरू झाल्या. रात्रीचं जेवण सातला. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. थर्मास माळ्यावर गेला.

पुण्यतिथीला रंजना गायली. ती करंजा गावची, मासळीचा धंदा करते, बारा वर्षं माझ्याकडे शिकतेय. स्टेजवर जाताना माझा हात धरून म्हणाली, "बाई, तुमी नुसता तानपुरा धरा. तोंड उघडायचं नाय. मी हाय ना."

तिने वरचा सा लावला तेव्हा सवयीने माझं तोंड उघडलं. मी ते मिटलं. लोक तिला 'वा' म्हणाले, आणि ते बरोबरच होतं.

आठ महिन्यांनी पुन्हा कॅमेरा. सूज उतरली होती.

"वरचा सा?" डॉक्टरांनी विचारलं.

"येत नाही."

"जोर लावून लावून पट्ट्या कडक झाल्यात, आजी. येईल असं मी म्हणणार नाही."

तो आला नाही. आता दोन ओळी गायले की आवाज खरखरतो. फोनवर तुम्ही झोपताना गाणं मागता आणि मी 'उद्या' म्हणते, त्याचं कारण हे आहे. उद्याही तेच सांगेन.

डॉक्टरांकडे जाताना यादी नेत जा. औषध म्हणून जे घेता, ते त्यात सगळ्यात वर लिहा. माझी यादी फार नीटनेटकी होती.