बाई एकटी सायकल विकत नसे

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याचसाठी एका सायकलचा सौदा करत होते. राजुऱ्याजवळच्या आमच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत, समोरच्या क्वार्टरच्या जिन्याखाली. तिथल्या कुटुंबाची बदली झाली होती, सामान बांधून झालं होतं, आणि मुलाला लहान पडू लागलेली निळी सायकल ट्रकमध्ये कोंबण्यापेक्षा इथेच द्यावी असं त्यांचं चाललं होतं. मी पुढचं चाक उचलून फिरवून बघत होते, तेवढ्यात वडस्याहून भाऊजींचा फोन आला. म्हणाले, "मंदा, तुही बाई गेली." मी ‘बरं’ म्हणाले आणि फोन पिशवीत ठेवला. मग त्या वहिनींशी राहिलेलं बोलणं पूर्ण केलं, मागचा ब्रेक नवा टाकावा लागेल हेही सांगितलं, आणि सायकल ढकलत घरी आणली. आमच्या दाराशी स्टँडवर लावली आणि मग मला भाऊजी काय बोलले ते ऐकू आलं… मधल्या त्या वेळात मी कुठे होते, हे मला अजून सांगता येत नाही.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण, सुलोचना. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. सकाळी अंगण झाडता झाडता ती खाली बसली, ती उठलीच नाही. ना कधी दवाखाना, ना औषधाची गोळी. आता महिना उलटून गेला तरी लोक मला विचारतात, काही लक्षणं होती का. मी आठवून आठवून थकते. आदल्याच आठवड्यात ती माझ्याकडे येऊन गेली होती, पोहे खाल्ले, खिडकीतून बाहेर खेळणाऱ्या पोरांच्या पायांकडे बघत बसली. तिची ती सवयच होती. पोराचं तोंड तिच्या लक्षात राहायचं नाही, पण पाय किती वाढले ते बरोबर लक्षात राहायचं.

तिच्या या उद्योगाची सुरुवात तिच्या पोरीपासून झाली. वैशाली लहानपणी बांबूच्या कोंबासारखी वाढायची. भाऊजींनी हौसेनं नवी कोरी सायकल आणली, आणि वर्ष-दीड वर्षात तिचे गुडघे हँडलला लागायला लागले. त्याच सुमाराला बाई माझ्याकडे राहायला आली. कॉलनीत सकाळी फिरताना तिला जवळजवळ प्रत्येक जिन्याखाली सायकल दिसली. चांगल्या कंपनीची, दोन वर्षं वापरलेली, मग पोरगा मोठा झाला म्हणून टाकून दिलेली, आणि वर कोळशाच्या धुळीचा थर. ती मला म्हणाली, "इथी सायकली सडून राह्यल्या, अन् तिकडं पोट्टे जंगलातून पायी शाळेत जाते." पुढच्या खेपेला तिनं दोन सायकली विकत घेतल्या आणि बल्लारशाह-गोंदिया पॅसेंजरमध्ये चढवून वडस्याला नेल्या. मला वाटलं, हौस आहे, फिटेल. फिटली नाही. मग टेम्पो ठरला, गावं ठरली, आणि सिंदेवाहीपासून वडस्यापर्यंत लोक तिला ‘सायकलवाली बाई’ म्हणायला लागले.

कुणी भंगारवाली म्हटलं की मात्र तिला लागायचं. ती भंगार घेतच नसे. चाक फिरवून ते डुगडुगतं का बघायची, चेनवर बोट फिरवायची, आणि शेवटी स्वतः बसून एक फेरी मारायची. सायकल ती शिकली तीच मुळी चाळिशीत, यासाठीच. साडीचा पदर खोचून, एवढी भरल्या अंगाची बाई, दहा वर्षांच्या पोराच्या सायकलवर बसून आमच्या कॉलनीच्या मैदानाला चक्कर मारते आहे, गुडघे दोन्हीकडे बाहेर, चेहरा अगदी गंभीर, मागे पोरांची पळापळ… आमचे हे गॅलरीत यायचे, बघायचे आणि गुपचूप आत जायचे. विकतानाही तिचे नियम असत. पोराला सोबत आणल्याशिवाय सायकल मिळायची नाही. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. ‘मोठीच घेऊन ठेवतो, पुढं पुरेल’ म्हणणाऱ्या बापांशी ती तिथल्या तिथे भांडायची. लहान झाली की परत आणा आणि पुढची घेऊन जा, असा तिचा व्यवहार होता. त्यामुळे एकेक पोर तिच्याकडे पुन्हा पुन्हा यायचं आणि दर वेळी थोडं उंच होऊन यायचं.

अशांपैकीच एक प्रतिभा. सिंदेवाहीकडच्या एका तलावाकाठच्या गावातली, ढिवराची पोर. वडील तलावात मासे धरायचे आणि थोडं धान करायचे. तिनं पहिली सायकल बाईकडून घेतली तेव्हा ती चौथीत होती. मग दुसरी, आणि आठवीला तिसरी, कारण गावातली शाळा सातवीपर्यंतच आणि पुढची शाळा जंगलातल्या रस्त्यानं जाऊन पलीकडच्या गावात. त्या तिसऱ्या सायकलवरून ती एकटी जायची, याचा तिच्या वडिलांना कोण अभिमान. सगळ्या गावाला सांगायचे, माझी पोरगी कोणाले भेत नाही.

त्या वर्षी हिवाळ्यात त्याच रस्त्यालगत गवत कापायला गेलेल्या एका बाईला वाघानं मारलं. आमच्या भागात ही बातमी नवी नाही, पण तरी गावं गप्प होतात. पंधरवडाभर कुणी शेतावर एकटं जात नव्हतं. आणि मग आमची बाई टेम्पो घेऊन त्या गावात गेली आणि तिनं विकलेल्या सगळ्या सायकली परत मागायला लागली. वाघ पकडला की आणून देते, म्हणाली. मी त्या दिवशी तिच्याबरोबर होते, म्हणून हे डोळ्यांपुढे आहे. काहींनी मुकाट्यानं दिल्या, कारण तेही घाबरलेच होते. काहींनी दिल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं. विकलेल्या वस्तूवर तिचा काय हक्क होता? प्रतिभाचे वडील जाळं विणत बसले होते. ते उठलेसुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, सायकल नेली तं पोरगी पायी जाईन. पायी जानाऱ्याले वाघ नाई धरत काय?"

प्रतिभा दाराच्या चौकटीला टेकून खाली बघत होती. बाईनं तिची सायकल उचलली आणि स्वतः टेम्पोत नेऊन ठेवली. वडील शेवटपर्यंत नाही म्हणाले नाहीत आणि हो पण म्हणाले नाहीत.

येताना टेम्पोत मी तिच्याशी भांडले. सायकलवर असलं तर माणूस निदान लवकर निघून तरी जातं, एवढं तुला कसं कळत नाही, असं मी परत परत म्हणत होते. ती रस्त्याकडे बघत होती. सिंदेवाहीच्या फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "मले जे समजलं ते मी केलं. तू नको विचारू." आयुष्यभर प्रत्येक गोष्ट मला सांगणारी माझी बहीण ‘तू नको विचारू’ म्हणाली, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

वनखात्यानं वाघ पकडायला तीन-चार महिने घेतले. बाईनं बोलल्याप्रमाणे टेम्पो भरून सायकली नेऊन दिल्या. बाकीची पोरं शाळेत परत गेली. प्रतिभा घरी नव्हती. आईबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेली होती. ती आली तेव्हा तिची शाळा कायमची सुटली होती, आणि ती तिसरी सायकलही तिला लहान झाली होती. बाईनं पुढची, चौथी, नेऊन अंगणात उभी केली. प्रतिभानं तिला हात लावला नाही. महिनाभरानं बाई ती परत घेऊन आली.

त्यानंतर बाईनं एक नवा नियम काढला. जंगलातल्या गावात एकटी-दुकटी सायकल ती विकेना. एका रस्त्यानं जाणारी तीन-चार पोरं मिळून आली तरच द्यायची, आणि ‘सोबत जाऊ, सोबत येऊ’ हे पोरांकडून तिथेच वदवून घ्यायची. लोक हसायचे, वैतागायचे, दुसरीकडून घ्यायचे. धंदा निम्म्यावर आला. पण ज्यांना तिचीच सायकल हवी असायची ते शेजारपाजारची पोरं गोळा करून आणायचे. सकाळच्या धुक्यात त्या रस्त्यानं घंट्या वाजवत जाणारे पोरांचे घोळके मी पुढे पाहिले आहेत. मला वाटायचं, बाई आपली चूक भरून काढते आहे. मी मनातल्या मनात तिला तसं माफही करून टाकलं होतं.

तेरवीला प्रतिभा आली. मी ओळखलंच नाही. आता लग्न होऊन ब्रह्मपुरीला असते, कडेवर वर्षाचं मूल. जेवणं झाल्यावर ती माझ्यापाशी येऊन बसली आणि कुठलीही प्रस्तावना न करता सांगायला लागली. ती गवत कापणारी बाई मेली त्याच्या आठवडाभर आधी प्रतिभाला वाघ दिसला होता. शाळेतून येताना, रस्त्याच्या मधोमध बसलेला. ती सायकल धरून उभी राहिली, किती वेळ ते तिला माहीत नाही. तो उठून गेला. घरी तिनं काहीच सांगितलं नाही, कारण वडील गावभर सांगत फिरत होते की आपली पोरगी भीत नाही. रोज सकाळी तिला ओकारी यायची आणि रोज ती सायकल काढायची. मग टेम्पो घेऊन येण्याच्या आधी बाई एकदा नुसती गावात येऊन गेली, तेव्हा तिनं बाईला एकटं गाठलं.

"मी म्हनलं, बाई, माही सायकल घेऊन जा. पन मी सांगतलं म्हनून कोनाले सांगू नोका."

मी विचारलं, मग सगळ्यांच्या का नेल्या? प्रतिभा म्हणाली, माझी एकटीची नेली असती तर बाबांना कळलं असतं ना.

म्हणजे एका पोरीचं नाव फुटू नये म्हणून बाईनं गावभरच्या सायकली गोळा केल्या, सगळ्यांचं ऐकून घेतलं, माझंही ऐकलं, आणि शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, ही पोर आता बाईचे उपकार सांगेल. पण प्रतिभा रडत नव्हती. तिचा आवाज उलट कोरडा होता. म्हणाली, "मावशी, मी लहान होती. लहान पोट्टी काईही म्हनते. मी म्हनलं म्हनून तिनं काऊन नेली? दोन कानाखाली द्याची होती, माह्या बापाले सांगाचं होतं… मी शिकली असती."

थोड्या वेळानं तिनंच मुलाला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, पण बाईशिवाय दुसऱ्या कोणाला मी सांगू शकले नसते. मग पुन्हा म्हणाली, पण नेवाची नव्हती. असं ती तीन-चारदा इकडून तिकडे गेली. जाताना माझ्या पाया पडली, आणि बाईच्या फोटोसमोर मात्र नुसती उभी राहिली.

तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. बाई चुकली असं मी इतकी वर्षं समजत होते, आणि निदान तेवढं तरी मला पक्कं ठाऊक होतं. आता तेही नाही. तिनं शब्द पाळला हे खरं. त्या शब्दापायी एक पोर शाळेतून गेली हेही खरं. की ती नाहीतरी गेलीच असती? की सायकल राहिली असती तर एखाद्या दिवशी… पुढचं मला म्हणवत नाही. टेम्पोत ती रस्त्याकडे बघत होती तेव्हा तिच्या मनात काय होतं? तिला पटलं होतं का स्वतःचं? मी परत एकदा विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं का? वैशालीला विचारलं, भाऊजींना विचारलं, दोघांनाही यातलं काही ठाऊक नव्हतं. भाऊजी म्हणाले, "तिच्या पोटात राहे सगळं. मले वाटे, काईच नाई."

परवा मी पुन्हा वडस्याला जाऊन आले. यंदा घरात दिवाळी नाही, पण भिंती तरी साफ कराव्यात म्हणून भाऊजींनी चुना कालवला होता. बाई सायकली ठेवायची त्या सपरीत, म्हणजे पडवीत, ते ब्रश घेऊन उभे होते. सायकली सगळ्या गेल्या आहेत, वैशालीनं ओळखीच्या गावांत देऊन टाकल्या. भिंत मात्र तशीच. त्या भिंतीला सायकली टेकून टेकून हँडलच्या मुठींचे काळे डाग उमटले आहेत. दाराशी अगदी खाली, बारक्या पोरांच्या सायकलींचे, मग थोडे वर, मग आणखी वर, आणि शेवटच्या कोपऱ्यात जवळजवळ माझ्या छातीपर्यंत. बाई त्या क्रमानंच लावायची.

भाऊजींनी तीन भिंतींना चुना मारला होता. या चौथीपाशी येऊन थांबले होते, ब्रशमधून चुना जमिनीवर ठिबकत होता. मला बघून म्हणाले, "मंदा, हे मारू का राहू देऊ? तुले काय वाटते?"

मी दाराशी वाकून सगळ्यात खालच्या डागावर बोट फिरवलं. त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली, मग ब्रश बादलीत ठेवला, आणि आम्ही दोघं बाहेर अंगणात येऊन बसलो.