भोक नसलेली पिशवी

आर्वीच्या एसटी डेपोसमोर पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या नत्थूजींचा जोड सुटल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. त्र्याऐंशी साली रोहण्याच्या रूपरावांनी घरच्या टाकीतला गोबरगॅस शेतावर न्यायला पिशवी मागितली, तेव्हा नत्थूजींनी पातळ रबराचे तुकडे चिकटवून पोत्याएवढी पिशवी मोठ्या हौसेने केली.

सोमवारी टम्म भरलेली पिशवी शुक्रवारी ढिली पडली. रूपराव ती घेऊन भर बाजारात आले.

"काऊन नत्थूजी, हात थकले वाट्टे!"

चहा पिणारे कंडक्टर हसले. नत्थूजींनी पिशवीत हवा भरून ती पाण्यात दाबली. बुडबुडा नाही. तरी सगळे जोड त्यांनी पुन्हा पक्के केले. आठवड्याने पिशवी परत हजर!

"पाण्यालेही दिसत नाई, असं भोक पाडता का हो?"

पिशवी तशीच घेऊन रूपराव घरी गेले, पण नत्थूजींना ते फार लागलं. डेपोतल्या पोरीबाळीही आता हसणार! दुकान बंद करून, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या प्रभाकररावांना घेऊन ते थेट रोहण्याला गेले.

रूपरावांच्या पत्नी विमलाबाईंनी त्याच ढिल्या पिशवीच्या गॅसवर चहा ठेवला होता.

"भाऊजी, पिशवीले नावं नोका ठेवू. ताजा गॅस मरतुकडा जळते. पिशवी ढिली पडली, का चहा लवकर उकयते!"

शेगडीवर खरंच निळी, ठसठशीत ज्योत होती. प्रभाकरराव खूष झाले.

"गोबरगॅसमध्ये कार्बन डायऑक्साइडही असतो. तो जळत नाही, उलट ज्योत दाबतो. तो रबरात मुरतो आणि पलीकडे निघून जातो. जळणारा गॅस रबरातून सावकाश जातो, म्हणून बराचसा आत उरतो. वीज केंद्राच्या धुरातला कार्बन डायऑक्साइडसुद्धा अशा पातळ पडद्यांनी वेगळा काढता येईल का, हे शास्त्रज्ञ तपासताहेत."

नत्थूजींनी वीज केंद्राचं ऐकलंच नाही.

"म्हंजे गुरुजी, जोड पक्का?"

"जोड पक्का. गॅस रबरातून गेला."

"मंग रूपरावजी, हे डेपोसमोर सांगा. हसले तिथंच सांगा."

पुढच्या बाजारी रूपरावांनी खरंच सांगितलं, तेही कंडक्टरांना थांबवून, मोठ्यानं. एकानं विचारलं, "मंग त्या पिशवीचं आता काय करता?"

"घरवालीनं ठेवून घेतली," रूपराव म्हणाले. "मले शेतासाठी दुसरी पायजे. नत्थूजी, जाड रबराची करून देजा."

"देतो," नत्थूजी म्हणाले, "पन पयले सगळ्यायले चहा सांगा."

रूपरावांनी चहा सांगितला.