एक मेंढरू जादा

१४ ऑक्टोबर २०२४. नऊ मुले, एक शिक्षिका, बेचाळीस मेंढरे, एक कुत्रा.

दुष्काळी माण तालुक्यातल्या त्या वाडीच्या शाळेत अंजनाबाईंचे हे सातवे वर्ष. मूळच्या वाईच्या, कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेल्या बाई आता तांब्याभर पाण्यात तोंड, हात, पाय उरकत. प्राण्यांचा धडा त्या वर्गात शिकवीत नसत. त्यासाठी माळ होता.

त्या दिवशीचा विषय होता, जगण्यासाठी प्राणी कसे लपतात. बाईंनी पैज लावली. घंटेपर्यंत जो सापडणार नाही, तो मागेल ते मिळेल. आजवर कोणी जिंकले नव्हते. पैजेतली उदारता त्या अनुभवावरच उभी होती.

पप्पूला शिंकेने दगा दिला. साक्षी वाळल्या गवतात बसली होती.

"अगं, ससा कान पाडून बसतो. तुझी वेणी बघ कशी उभी!"

आठ सापडली. उरली सोनम, चौथीतली. दर दिवाळीनंतर ती कळपाबरोबर गाव सोडी आणि परतेपर्यंत वर्ग बराच पुढे गेलेला असे.

बाभळी झाल्या, ओढा झाला, पाण्याच्या टाकीमागेही बघून झाले. तेवढ्यात सोनमचे आजोबा बाळासो मेंढरे घेऊन शाळेवरून निघाले.

"बाळासो, सोनम दिसली का हो?"

"न्हाई बा. पर आज एक मेंढरू जादा भरतंय. लय आगाव हाय."

बाईंना चेष्टा कळेपर्यंत घंटा झाली. कळपाच्या मधोमध एक काळे घोंगडे उठून उभे राहिले. कुत्रा भुंकलाच नव्हता. घरच्या माणसावर तो कशाला भुंकेल?

"बाई, तुमी बसल्यालं हुडकत हुता. मी चालत हुते!"

बाई खळखळून हसल्या. लपायचे म्हणजे हलायचे नाही, असेच त्यांनी सगळ्यांना शिकवले होते.

"बरं, जिंकलीस. काय हवं?"

सोनमने घोंगड्याची धूळ झटकली. "दिवाळीनंतर मेंढरं जिथं बसतील, त्या आमच्या तळावर या. भागाकार शिकवायला. गेल्या साली मी नसताना तुमी तो उरकला."

"येईन."

"पोरीनं बाईंनाच कामाला लावलं की!" बाळासो म्हणाले. "या, च्या पाजतो."

दिवाळी झाली. कळप कोरेगावच्याही पुढे गेला. बाईंना आधी निवडणुकीचे काम लागले, मग सर्वेक्षणाचे, मग स्नेहसंमेलनाचे. प्रत्येक काम खरे होते आणि प्रत्येकाची तारीख वरून ठरवून आलेली होती. तळावर जायची तारीख मात्र बाईंनीच ठरवायची होती.

सोनमचा भागाकार अजून द्यायचा राहिला आहे.