तोंडी परीक्षा

चांद्यातल्या आमच्या घरमालकीणकाकूंच्या मते गप्प पोरं गणितात पुढं जातात आणि भांडकुदळ पोरं भाषेत. "म्याडम, तुमचं गणित लई चांगलं आसंल," त्या मला म्हणतात. मी गणितात कायम काठावर पास, नुसती हसते.

त्यांच्या अबोल नातीची इंग्रजीची तोंडी परीक्षा आली, तेव्हा काकूंनी तिला आठवडाभर टँकरवाल्याशी भांडायला धाडलं. परीक्षेत बाईंनी इंग्रजीत विचारलं, "तयार आहेस?" घाबरलेली नात "व्हय" म्हणाली. बाईंना "व्हाय?" ऐकू आलं. उलट प्रश्न विचारणारी मुलगी आत्मविश्वासू असते, असं म्हणून त्यांनी भरपूर गुण दिले.

"बगा, भांडान कामी आलं!" काकू म्हणाल्या.

"ताई, मी 'व्हय' म्हणले हुते," नात माझ्या कानात पुटपुटली.

"काय गं म्हणती?" काकूंनी विचारलं.

ते गुण टिकायचे तर आम्ही दोघींनी गप्प राहणं भाग होतं, आणि तेवढं आम्हाला उत्तम जमतं.