उंच हँडल आणि दोन प्लॅटफॉर्म तिकिटं

नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार, सकाळ. पांढुर्ण्यात बसस्टँडमागच्या गल्लीतलं मोटारसायकलचं गॅरेज. ठरलेली रक्कम अठराशे रुपये, नवं हँडल आणि मजुरी धरून. हजर तिघे: मी, माझी पत्नी सुनंदा आणि रमजान मिस्त्री. सुनंदाचं गॅरेजमध्ये काही काम नव्हतं. ती साक्षीला आली होती.

"मिस्त्री, तुमच्यासमोर सांगून ठेवते," ती म्हणाली. "शनिवारी यांच्या हाताले मुंग्या आल्या, का गाडी विकाची. मंग मले कोणी काही सांगाचं नाही."

"भाभी, मी हँडल लावून राहिलो, हात नाही," मिस्त्री म्हणाला.

मी अट मान्य केली. तिचं म्हणणं चूक नव्हतं. माझ्या मानेच्या मणक्यात नस दबते. गाडीचं मूळचं हँडल बुटकं आणि पुढे होतं. त्यावर वाकून बसलं की अंगाचा भार मनगटांवर येतो, आणि अर्ध्या तासात दोन्ही हातांची शेवटची दोन बोटं बधिर होतात. गेल्या वर्षी पांढुर्ण्याच्या चौकात माझ्या हातून क्लच सुटला. गाडीने उडी घेतली. पडलो नाही, पण मागे माय बसली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी दोन पर्याय दिले होते: गाडी सोडा, नाहीतर पाठ सरळ ठेवून बसता येईल असं काही करा.

माय म्हणजे माझी आई नव्हे. माझ्यासोबत नोकरीला असलेल्या लान्स नायक प्रल्हाद सोमकुंवरची ती आई, पारबताबाई. सौसरच्या अलीकडच्या एका खेड्यात एकटी राहते. वर्षातून एक दिवस मी तिला घ्यायला जातो, पांढुर्णा स्टेशनवर आणतो आणि परत सोडतो. यंदा तो दिवस शनिवारी येत होता. तीसेक किलोमीटर एका बाजूचे. बस, जीप, कार, कशातही बसली की तिला उलट्या होतात. सुनंदाने दोनदा कार करून पाहिली. दोन्ही वेळा माय अर्ध्या रस्त्यात उतरली आणि म्हणाली, "त्या डब्ब्यात मले नोको कोंबू." मोटारसायकलवर तिला काही होत नाही. म्हणजे माझी गाडी बंद झाली की मायचं स्टेशन बंद.

आता नोकरीचं सांगतो.

मी सिग्नल्समध्ये चोवीस वर्षं काढली आणि हवालदार म्हणून निवृत्त झालो. त्यातली सहा वर्षं डिस्पॅच रायडर होतो. डीआर म्हणतात. जिथे वायरलेस चालत नाही, टेलिफोनची लाइन तुटलेली असते, तिथे कागद मोटारसायकलवरून हातोहात पोहोचवायचा आणि सहीची पोहोच घेऊन परत यायचं, एवढंच काम. डोंगरी भागात डीआर एकटा जात नाही. जोडीने जातो. माझी जोडी प्रल्हादशी होती. मी पांढुर्ण्याचा, तो सौसरकडचा, त्यामुळे युनिटमध्ये आम्हाला 'एक ही गाँव के दो' म्हणत. गावं वेगळी आहेत हे आम्ही पहिलं वर्षभर सांगितलं, मग सोडून दिलं.

प्रल्हादची उंची सहा फूट एक इंच. सरकारी गाडी सगळ्यांना एकाच मापाची. तो गाडीवर बसला की गुडघे हँडलला लागत. मी त्याला म्हणायचो, "सोमकुंवर, तू गाडीवर बसला का गाडी तुह्यावर?" तो म्हणायचा, "तू आपलं पाह्य. तुहे पाय जमिनीले पुरत नाही." हेही खरं होतं.

त्याने रीतसर अर्ज देऊन हँडल उंच करण्याची परवानगी मिळवली. वर्कशॉपने क्लॅम्पखाली दोन-दोन इंचांचे लोखंडी तुकडे घातले. सगळे खूश. रोज सकाळच्या परेडला आम्ही गाडी तपासायचो: टायर, ब्रेक, चेन, आणि हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवून पाहायचं. पेट्रोल वाचावं म्हणून हे सगळं इंजिन बंद ठेवून होई. तशीच शिस्त होती. त्या तपासणीत प्रल्हादची गाडी पास झाली.

ऑगस्टचा महिना होता. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. नाल्याच्या काठावर आमची एक पुढची पोस्ट होती, तिथे दहा जवान. वरच्या अंगाला दरड कोसळून नाला अडला आणि मागे पाणी साठत होतं. पोस्ट ताबडतोब खाली करायची होती. लाइन तुटलेली. वायरलेस सेटवर ऑपरेटर पोस्टला, म्हणजे 'चार्ली'ला, सारखा हाका मारत होता.

"चार्ली, यहाँ बेस. सुनते हो? ओव्हर."

उत्तरात नुसती खरखर.

अॅडज्युटंट साहेब बाहेर आले. "धोटे, सोमकुंवर. डाक हाथ में जाएगी. अँधेरे से पहले."

"जी साहब."

प्रल्हाद पुढे, मी मागे. चढावरच्या तिसऱ्या वळणावर त्याने हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि त्याच्या गाडीचं इंजिन एकदम ओरडलं. त्याने रेस दिली नव्हती. हँडल उंच झालं होतं, पण एक्सीलेटरची केबल जुन्याच मापाची होती. पूर्ण वळवल्यावर ती ताणली गेली आणि रेस आपोआप उघडली. इंजिन बंद असताना हे कळणं शक्यच नव्हतं. गाडी दरीकडे निघाली. प्रल्हादने ती डोंगराच्या बाजूला आडवी पाडली. स्वतः गाडीखाली.

मी धावत गेलो. गुडघा सोलला होता, पॅन्ट फाटली होती, आणि तो हसत होता.

"धोटे, गाडीनं मले न इचारता रेस देल्ली!"

"लागलं का?"

"लागलं ना. सरकारी पॅन्टले."

त्याने केबल क्लिपांमधून सोडवली, फ्रेमच्या आतून जवळच्या वाटेने घेतली. गाडी चालू केली, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवलं आणि कान लावून ऐकलं. आवाज बदलला नाही. मग मला म्हणाला, "हँडल वाढवशीन तं केबलबी वाढवजो. आन चालू गाडीवर पाह्यजो. बंद गाडी खोटं बोलते."

आम्ही पोस्टवर पोहोचलो, कागद दिला, सही घेतली. जवानांनी सामान उचलायला सुरुवात केली. परतताना प्रल्हाद म्हणाला, "तू हो पुढं. माहा गुडघा अकडून राहिला, मी हळूहळू येतो." म्हणून जाताना मागे असलेला मी येताना पुढे होतो. दोन गाड्यांत पन्नास-साठ मीटर अंतर. त्या मधल्या जागेच्या मागच्या टोकाला, नेमकी प्रल्हादवर, दरड आली.

मी हातांनी दगड काढले. कितीसे निघणार? थोड्या वेळाने रस्त्याचं काम करणारी तुकडी आली. त्यांच्याकडे सेट होता. मी बोललो, "बेस, यहाँ डीआर धोटे. डाक पहुँच गयी. एक डीआर स्लाइड के नीचे. ओव्हर." बेसने "रॉजर" म्हटलं. लगेच त्याच सेटवर पोस्टचा आवाज आला. उंचावर गेल्यावर त्यांचा सेट चालू लागला होता. "बेस, यहाँ चार्ली. दस में से दस ऊपर. ओव्हर."

संध्याकाळी नाला फुटला आणि पोस्टचा बंकर घेऊन गेला. आत कोणी नव्हतं.

हँडल, गुडघा, पुढे कोण, मागे कोण, हे सगळं मी नंतर पुष्कळदा मांडून पाहिलं. दोष कोणाकडेही निघत नाही. मी मांडणं थांबवलं.

प्रल्हादच्या गावी शाळेजवळ त्याच्या नावाचा दगड आहे. ऑगस्टात तिथे कार्यक्रम होतो. माय जाते, खुर्चीवर बसते, परत येते. तिचा खरा दिवस वेगळा आहे. त्याच्या शेवटच्या सुटीनंतर नोव्हेंबरात आम्ही दोघे पांढुर्ण्याहून रेल्वेगाडीत बसलो होतो, आणि ती त्याला सोडायला स्टेशनवर आली होती. तो दिवस ती पाळते. मी एकदा विचारलं होतं, माय, हाच दिवस का? ती म्हणाली, "मेला तो दिवस म्या नाही पाह्यला. गेला तो पाह्यला."

अठरा वर्षं झाली.

तर गुरुवारी दुपारपर्यंत रमजान मिस्त्रीने हँडल चढवलं. जुन्यापेक्षा पाच इंच उंच, आणि मुठी माझ्याकडे वळलेल्या. मी बसून पाहिलं. पाठ सरळ, कोपरं सैल, मनगटांवर भार नाही. मिस्त्री गल्लीत एक चक्कर मारून आला.

"साहब, एकदम मक्खन. घेऊन जा."

"चालू राहू द्या," मी म्हणालो. "हँडल डावीकडे वळवा. पूर्ण."

त्याने वळवलं. इंजिन ओरडलं.

सुनंदा दोन पावलं मागे सरली. मिस्त्रीने हँडल सरळ केलं, पुन्हा वळवलं. पुन्हा तेच.

"अरे बाप्पा," तो म्हणाला. "हे तं सोताच बोलून राहिली. पन साहब, एवढं पूर्ण कोण वळवते? रस्ता तं सरळ हाय."

"मी वळवतो."

त्याने केबल फ्रेमच्या आतून घेऊन पाहिली. दोन इंचांना जे पुरलं होतं ते पाच इंचांना पुरेना. एक्सीलेटर, क्लच आणि पुढचा ब्रेक, तिन्ही केबली लांब हव्या होत्या. पांढुर्ण्यात त्या मापाच्या मिळाल्या नाहीत. मिस्त्रीने नागपूरला फोन लावला. दुकानदार म्हणाला, उद्याच्या बसने पाठवतो.

"नाही आल्या तं?" सुनंदाने विचारलं.

"तं जुनं हँडल चढवून जातो."

"म्हणजे मुंग्या येतीन, आन गाडी विकाची."

"हो."

मी शुक्रवारी सकाळच्या बसला स्टँडवर गेलो. पार्सल नव्हतं. दुपारच्या बसला गेलो. नव्हतं. तिसऱ्या बसच्या कंडक्टरने सीटखालून पिशवी काढली. त्याच्या हातून ती घेताना पाहतो तर सुनंदा माझ्यामागे उभी. भाजी घ्यायला आले म्हणाली. हातात भाजी नव्हती.

मिस्त्रीने तिन्ही केबली बदलल्या. गाडी चालू केली आणि हँडल आधी डावीकडे, मग उजवीकडे पूर्ण वळवलं. मला सांगावं लागलं नाही. इंजिन एका सुरात राहिलं.

शनिवारी मायच्या दारात गाडी उभी केली. ती तयारच होती. शिदोरी फडक्यात बांधलेली, पायात नव्या चपला. तिने गाडीकडे पाहिलं.

"म्हैस जुनी आन शिंगं नवे?"

"डॉक्टरनं सांगितलं, माय."

"म्हशीच्या?"

ती मागे बसली. माझ्या कमरेचा पट्टा धरला. जामसांवलीच्या फाट्यावर मी गाडी थांबवली आणि दोन्ही हातांच्या मुठी उघडून पाहिल्या. बोटं जागेवर होती, सगळी दहा. चहा घेतला.

"पह्यले तू बगळ्यावानी वाकून चालवे," माय म्हणाली. "मी घसरत जाओ तुह्या पाठीवर. आता भिंत झाली, टेकाले."

फाटा सोडल्यावर थोड्या वेळाने पट्ट्यावरची तिची पकड सैल झाली आणि पाठीला डोकं टेकल्याचं जाणवलं. मी वेग कमी केला. तिला झोप लागली होती. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा झालं.

स्टेशनच्या आवारात रिक्षा आडव्या लावल्या होत्या. मला जागच्या जागी गाडी वळवावी लागली. हँडल डावीकडे पूर्ण नेलं. इंजिनाचा आवाज तसाच राहिला. मी जरा थांबून ऐकला. मागून माय म्हणाली, "काहून थांबला? पोह्यचलो ना?"

"पोहोचलो."

तिकीट नेहमी तीच काढते. "पोराले सोडाले आलो, तं तिकीट मायनंच काढाव." आम्ही त्याच बाकावर बसलो. तिने इकडेतिकडे पाहिलं. "जिल्हा झाला म्हनते पांढुर्णा. बाकडं तं तेच हाय."

तिने शिदोरी सोडली. दशम्या चार, दोन माझ्या, दोन त्याच्या. चारही मला खायला लावल्या. "त्याच्याबी खाय. तो नेहमी तुह्यातल्या खाये." हेही खरं होतं. मग इटारसीकडची गाडी लागली, थांबली, सुटली. शेवटचा डबा सिग्नलच्या पलीकडे जाईपर्यंत माय उभी होती. मीही उभा होतो, सावधान. ती म्हणाली, "चाल."

तिला घरी सोडताना तिने विचारलं, "पुढच्या साली येशीन ना?"

"येईन."

"हो. शिंगं चांगले हाये."

घरी आल्यावर सुनंदाने माझे हात हातात घेतले, शेवटची दोन्ही बोटं दाबली.

"लागते का?"

"लागते. सोड."

ती हसली. विकण्याचा विषय संपला.

रमजान मिस्त्रीला हँडल आणि मजुरीचे अठराशे, तीन केबलींचे सातशे वीस, असे एकूण दोन हजार पाचशे वीस रुपये रोख दिले. केबली बदलण्याची वेगळी मजुरी त्याने लावली नाही, मीही आग्रह केला नाही. प्लॅटफॉर्म तिकिटं दोन, वीस रुपये. ते पारबताबाई सोमकुंवर यांनी पदराच्या गाठीतून काढून खिडकीवर दिले, लान्स नायक प्रल्हाद सोमकुंवर, डिस्पॅच रायडर, याला सोडायला आल्याबद्दल.