शेवटच्या पानावरचा शिक्का

शेवटच्या चित्रात एक म्हातारी दाराशी उभी आहे, आणि तिच्या तोंडावर आमच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का बसला आहे. मंगा म्हणजे जपानी चित्रकादंबरी, ती उजवीकडून उघडते. आमच्याकडे मात्र पुस्तक आलं की डावीकडून उघडायचं, पहिल्या, म्हणजे मंगाच्या शेवटच्याच, पानावर शिक्का हाणायचा आणि कपाटात कोंबायचं. किळस आली.

हा महिनाभर मी हावरटासारखा वाचत होतो. धरणग्रस्तांचा अहवाल, एक आत्मकथन, मग एक जपानी कादंबरी, जिच्यात एक विधुर पानंच्या पानं नुसता भात शिजवतो आणि तरी रडवतो. शेवटी ही म्हातारी. मुलगा परतल्यावर ती हसते की रडते? आता ते कळणारच नाही. न वाचता शिक्का मारायचा, पुस्तकावर, माणसावर, अख्ख्या वस्तीवर. यात आपला हात कोण धरणार!

"हा काय गाढवपणा, शुभाताई?" मी ग्रंथपालबाईंवर डाफरलो.

"माझाच आहे. पण तुम्ही नका बोलू, दादा. 'पोरकट चित्रपुस्तकं हटवा' हे तुमचंच पत्रक ना फळ्यावर? तेव्हा किती वाचली होतीत?"

"एकही नाही."

"छान! समिती उद्या सगळी रद्दीत काढतेय. तुमचं पत्रक वाचून."

आता किळस आली ती माझीच. फळ्याशी जाऊन मी पत्रक नखांनी खरवडू लागलो. खळ मीच शिजवली होती, चांगली घट्ट. मजकूर फाटून निघाला. खाली माझं नाव तेवढं चिकटून राहिलं.